‘येईन म्हणाला’ : मराठीतील अप्रत्यक्ष कथन आणि इंग्रजीचा व्याकरणपाठ

माध्यमिक शाळेतील इंग्रजी व्याकरणात प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथनात रूपांतर करण्याचा एक घटक असतो. अवतरणचिन्हे काढावीत, ‘दॅट’ घालावे, वर्तमानकाळाचा भूतकाळ करावा, ‘आय’चा ‘ही’ करावा, ‘टुडे’च्या जागी ‘दॅट डे’ लिहावे, असे पाच-सात नियम फळ्यावर लिहून दिले जातात आणि त्यांवर दहा-वीस वाक्ये सोडवून घेतली जातात. मराठी माध्यमाचे विद्यार्थी या घटकात ठरावीक चुका करतात. ‘ही सेड दॅट ही इज इल’, ‘ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो’, ‘शी आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग’. या चुकांची मीमांसा सहसा ‘नियम पाठ नाहीत’ एवढ्यावर आटोपली जाते. परंतु या तिन्ही वाक्यांत विद्यार्थी नियम विसरलेला नसतो. तो एक दुसराच, तितकाच काटेकोर नियम पाळीत असतो. तो नियम मराठीचा आहे, आणि मराठीच्या तासाला त्याचा विषयच निघत नसल्याने तो त्याला कोणी कधी शिकवलेला नाही.

दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले, मो. के. दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. एवढी मोठी परंपरा मागे असताना शालेय मराठी व्याकरणात दुसऱ्याचे बोलणे सांगण्याच्या रचनेला जागा मिळते ती उभयान्वयी अव्ययांच्या यादीत : ‘म्हणून, म्हणजे, की, जे ही स्वरूपबोधक अव्यये होत’ एवढी. ज्या भाषेत रोजचे निम्मे बोलणे दुसऱ्याने काय म्हटले हे सांगण्यात जाते, तिच्या व्याकरणात या रचनेला अर्धी ओळ पुरावी, हे चमत्कारिक आहे. विद्यार्थ्याला ‘अप्रत्यक्ष कथन’ ही संकल्पनाच प्रथम भेटते ती परक्या भाषेच्या पुस्तकात, परक्या नियमांसह.

हा प्रश्न गुणपत्रिकेपुरता नाही, हे पाहण्यासाठी सातपूर हे ठिकाण सोयीचे आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे मूळचे खेडे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळे ते कारखान्यांचे गाव झाले आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक महानगरपालिकेचा आज तो एक विभाग आहे. येथील कामगार वस्तीत नाशिक परिसराची बोली, खानदेशातून आलेल्यांची अहिराणी आणि उत्तरेकडून आलेल्यांची हिंदी एकाच गल्लीत नांदते. येथील मुलगा शाळेत हा घटक शिकतो आणि पुढे त्यांपैकी कित्येकांच्या वाट्याला अशी वेळ येते की, कोण काय म्हणाले यावर एखाद्याची नोकरी अवलंबून असते. त्या वेळेकडे पुढे वळावयाचे आहे. प्रथम मराठीची रचना पाहिली पाहिजे.

काळापासून आरंभ करू. ‘राम म्हणाला, “मी आजारी आहे”’ या वाक्याचे मराठीतील अप्रत्यक्ष रूप ‘राम म्हणाला की तो आजारी आहे’ किंवा ‘आपण आजारी आहोत असे राम म्हणाला’ असे होते. मुख्य क्रियापद भूतकाळी असले तरी गौण वाक्यातील ‘आहे’ वर्तमानातच राहतो. ‘राम म्हणाला की तो आजारी होता’ असे केल्यास अर्थच पालटतो. राम बोलला त्याच्याही आधीचे आजारपण त्यातून सूचित होते. मराठीत गौण वाक्यातील काळ मोजला जातो तो मूळ बोलणाऱ्याच्या क्षणापासून. इंग्रजीत मुख्य क्रियापदाचा भूतकाळ गौण क्रियापदाला आपल्यामागे ओढून नेतो. या बाबतीत रशियन आणि जपानी या भाषा मराठीच्या बाजूला उभ्या आहेत, म्हणजे मराठीची रीत जगावेगळी नाही. ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ यासारख्या त्रिकालाबाधित सत्याच्या वाक्यात काळ बदलू नये, हा इंग्रजी पाठातील अपवाद मराठी मुलाला सर्वांत सोपा वाटतो. त्याला तो अपवाद वाटतच नाही.

या भेदाचा फटका उलट दिशेनेही बसतो. इंग्रजी बातमीवरून घाईने केलेल्या मराठी बातमीत ‘सरकार या मागणीचा विचार करीत होते, असे मंत्र्यांनी सांगितले’ असे वाक्य छापले जाते. मूळ बातमीत विचार चालू आहे. मराठी वाचकाला मात्र तो थांबल्याचे कळते. शुद्धलेखनाच्या चुकांवर तुटून पडणारे वाचक या चुकीला पत्र लिहीत नाहीत, कारण ती चूक म्हणून ओळखण्याचे शिक्षणच कोणाला मिळालेले नाही.

पुरुषाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. बोलीत सर्वांत सहज वाक्य असते ते ‘येईन म्हणाला आणि आलाच नाही’ या धाटणीचे. येथे कर्ता उच्चारलेला नाही, ‘की’ नाही, ‘असे’ नाही. परंतु ‘येईन’ हे प्रथमपुरुषी रूप जसेच्या तसे राहिले आहे. हा ‘मी’ सांगणाऱ्याचा नसून ‘म्हणाला’च्या कर्त्याचा आहे, याविषयी ऐकणाऱ्याला क्षणभरही शंका येत नाही. ‘देतो म्हणाला’, ‘बघतो म्हणाले’ ही सारी याच कुळातील वाक्ये. त्यांना प्रत्यक्ष कथन म्हणावे तर बोलण्यात अवतरणाचा थांबा नाही. अप्रत्यक्ष म्हणावे तर पुरुष बदललेला नाही. इंग्रजी पाठातील दोन खण येथे अपुरे पडतात. निरोप घेताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. म्हणून ‘येतो म्हणून गेला’ या वाक्यात येणे आणि जाणे एकाच माणसाला एकाच वेळी लागू होते. याचे इंग्रजी अप्रत्यक्ष कथन करावयाचे तर तो परत येणार असल्याचे बोलला की त्याने नुसता निरोप घेतला, याचा निर्णय भाषांतरकाराला करावा लागतो. मराठीने तो निर्णय मोकळा ठेवलेला असतो, आणि त्या मोकळेपणातच पुष्कळदा त्या वाक्याचे दुःख असते.

अडचण सुरू होते ती ‘की’ आल्यावर. ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ या वाक्यातील ‘मी’ कोण? बहुतेक मराठी भाषक ‘तो’ असेच उत्तर देतील. परंतु ‘सांगणारा स्वतः’ हा अर्थही व्याकरणाने निषिद्ध नाही. हिंदीतील ‘उसने कहा कि मैं कल आऊँगा’ याचीही हीच स्थिती आहे. ‘ही सेड दॅट आय विल कम’ लिहिणारा सातपूरचा मुलगा, त्याच्या घरची भाषा कोणतीही असो, आपल्या व्याकरणाशी प्रामाणिकच असतो. ‘की’ हा फारसीकडून आलेला शब्द वाक्याच्या आरंभी उभा राहून ‘आता दुसऱ्याचे बोलणे येत आहे’ एवढेच सुचवितो. ते बोलणे कोठे संपले, आणि त्यातील सर्वनामे कोणाच्या बाजूची, हे तो सांगत नाही.

मराठीने या संदिग्धतेवर स्वतःचा एक उपाय घडविला आहे, तो म्हणजे ‘आपण’. ‘रामाने गणपतला सांगितले की तो नापास झाला आहे’ यात नापास कोण हे कळत नाही; इंग्रजीतही हीच पंचाईत होते. ‘आपण नापास झालो आहोत असे रामाने गणपतला सांगितले’ म्हटले की शंका मिटते. येथील ‘आपण’ बोलणाऱ्या रामाकडेच जातो. जिचे बोलणे सांगितले जात आहे त्याच व्यक्तीला निर्देशिणारी खास सर्वनामे आफ्रिकेतील काही भाषांत आढळतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ क्लोद आझेज यांनी १९७४ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र संज्ञा योजली आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज क्लेमेंट्स यांनी एवे भाषेच्या संदर्भात तिची चर्चा केली. मराठीचा ‘आपण’ पूर्णांशाने त्या वर्गात बसत नाही, कारण त्याला इतरही कामे आहेत. ‘आपण दोषी आहोत असे साहेब म्हणाले’ यात साहेबांनी स्वतःला दोषी म्हटले, की ऐकणाऱ्यांसह सर्वांना? ‘आपण दोषी आहात’ असते तर आदरार्थी ‘तुम्ही’ हा अर्थ क्रियापदाने निश्चित केला असता. ‘आहोत’ मात्र उरलेले दोन अर्थ तसेच ठेवतो. आणखी एक वैचित्र्य असे की, अर्थ तृतीयपुरुषी एकवचनी असूनही क्रियापद प्रथमपुरुषी अनेकवचनी येते. मूळच्या ‘मी’चा धागा अप्रत्यक्ष कथनातही तुटलेला नाही, याची ही खूण मानता येईल. वर्तमानपत्री मराठीने ‘आपण आजारी असल्याचे त्याने सांगितले’ अशी रचना रूढ करून क्रियापदाची अडचण टाळली आहे. ती सोयीची आहे. परंतु तिच्यात सगळ्यांचे बोलणे एकाच सुरात येते.

‘असे’ आणि ‘म्हणून’ ही अव्यये ‘की’च्या उलट वागतात. ती उद्धृत बोलणे संपल्यावर येतात. ती मुखाने उच्चारलेली अवतरणसमाप्तीच होय. संस्कृतातील ‘इति’चे हेच काम. तेलुगूतील ‘अनि’ आणि कन्नडमधील ‘अंत’ ही बोलीरूपे ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूंपासूनच निघालेली आहेत, हे ‘म्हणून’च्या संदर्भात विशेष बोलके आहे. या बाबतीत मराठी उत्तरेच्या भाषांपेक्षा दक्षिणेच्या शेजाऱ्यांशी अधिक सलगी दाखविते. ‘म्हणून’ पुढे नाव सांगण्याकडे वळले (‘गणपत म्हणून एक गडी’) आणि कारण सांगण्याकडेही (‘पाऊस आला म्हणून थांबलो’). या वाटा तेलुगू-कन्नडमध्येही दिसतात. शिवकालीन आज्ञापत्रांतील ‘आज्ञा केली ऐसी जे’ या ठरावीक शब्दांनी आज्ञेच्या मजकुराला दार उघडून दिले जाई. मोडी लेखनात अवतरणचिन्ह नव्हते. विरामचिन्हे मराठीत रुळली ती मुद्रणाबरोबर, मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने. तोवर दुसऱ्याच्या शब्दांची हद्द राखण्याचे काम ‘ऐसे’, ‘जे’, ‘म्हणौनि’ यांनी केले. कँडींची दोन उलटी स्वल्पविरामे आल्यानंतर या शब्दांवरचा भार हलका झाला, आणि त्याबरोबर त्यांच्याकडे पाहण्याचे लक्षही.

प्रश्नार्थक व आज्ञार्थक वाक्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. मराठीत प्रश्न विचारताना शब्दक्रम पालटत नाही. ‘तू कुठे चाललीस’ हे प्रत्यक्षात आणि ‘तू कुठे चाललीस असे तिने विचारले’ या अप्रत्यक्षातही तसेच राहते. इंग्रजी प्रश्नात क्रम आधी उलटतो आणि अप्रत्यक्ष करताना पुन्हा सरळ करावा लागतो. मराठी मुलाला मुळात उलटलेले काहीच दिसत नाही, तेव्हा तो सरळ काय करणार? आज्ञेत मात्र मराठी स्वतःच रूप बदलते : ‘बस’ याचे ‘बसायला सांगितले’ किंवा ‘बसावे असे सांगितले’ होते. इंग्रजी ‘टु सिट’शी ते सहज जुळते, म्हणून येथे चुका कमी होतात. पाठाची सुरुवात येथून करणे शहाणपणाचे ठरेल. पाठ्यपुस्तके मात्र सहसा काळबदलापासून सुरू होतात.

साहित्याच्या अभ्यासकाला काळाच्या मुद्द्यावर पुन्हा एकदा थांबणे भाग आहे. शार्ल बाली यांनी १९१२ मध्ये ज्या शैलीला ‘मुक्त अप्रत्यक्ष’ म्हटले, तिची इंग्रजी व फ्रेंचमधील मुख्य खूण म्हणजे ‘तो म्हणाला’ गळून पडणे, पण पुरुष व काळ यांचा पालट टिकून राहणे. भूतकाळी क्रियापदाशेजारी ‘टुमॉरो’ आला की इंग्रजी वाचकाला निवेदकाच्या आवाजात पात्राचा आवाज मिसळल्याचे कळते. मराठीत काळाचा पालट नाही, त्यामुळे ही खूण मिळत नाही. ‘तो दाराशी थांबला. उद्या कामावर जायलाच हवे’ यातील दुसरे वाक्य पात्राचे प्रत्यक्ष मनोगत, अप्रत्यक्ष मनोगत की दोहोंचे मिश्रण, हे काळावरून ठरविता येणार नाही. ‘आपण’, ‘आपले’, ‘बरे’, ‘कशाला’, ‘म्हणे’, इतकेच काय, १९६३ च्या ‘कोसला’ने साहित्यात प्रतिष्ठित केलेला ‘वगैरे’, यांवरून ते ठरवावे लागते. ‘येणार वगैरे म्हणाला’ यातील ‘वगैरे’ सांगणाऱ्याची बोलण्याविषयीची अनास्था नोंदवितो. मराठी कादंबरीच्या शैलीविचारात इंग्रजी खुणांची यादी जशीच्या तशी लावण्याचा परिपाठ आहे. ती यादी आधी मराठी व्याकरणावर तपासून घेतली पाहिजे.

आता ‘म्हणे’. ‘तो मुंबईला गेला म्हणे’ यातील ‘म्हणे’ला कर्ता नाही. ‘म्हणणे’चे जुने क्रियारूप झिजून अव्यय झाले आणि ‘हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे’ एवढी एकच सूचना देऊ लागले. इंग्रजी पाठाच्या कोणत्याही नियमात त्याला जागा नाही. मराठी बोलणारा मात्र त्याच्यावाचून क्षणभर राहू शकत नाही; ऐकीव गोष्ट ‘म्हणे’शिवाय सांगणे हा त्याला खोटे बोलण्याचा एक प्रकार वाटतो.

सातपूरसारख्या औद्योगिक वस्तीत हे अव्यय चौकशीच्या कागदावर येऊन पोचते. कामगाराविरुद्ध आरोपपत्र निघाले की चौकशी अधिकाऱ्यापुढे साक्षी होतात आणि त्या लिहून घेतल्या जातात. काही ठिकाणी मराठीत, काही ठिकाणी इंग्रजीत. एक रचलेले उदाहरण घेऊ. साक्षीदार म्हणतो : “दुपारी मशीन बंद पडलं म्हणे. मी आलो तेव्हा सुपरवायझर म्हणाला, मी सांगितल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.” नोंद होते ती अशी : ‘दुपारी यंत्र बंद पडले. मी कामावर आलो तेव्हा पर्यवेक्षकाने मी सांगितल्याशिवाय कोणी हात लावू नये असे सांगितले.’ लिहिणाऱ्याने काही वाईट हेतूने बदललेले नाही. त्याने भाषा ‘शुद्ध’ केली आहे. त्या शुद्धीत दोन गोष्टी घडल्या. ‘म्हणे’ गळाला, आणि ऐकीव गोष्टीला प्रत्यक्षदर्शी साक्षीचे रूप आले. दुसरे, ‘मी’ संदिग्ध झाला. यंत्राला हात लावण्याची परवानगी देण्याचा अधिकार पर्यवेक्षकाचा की साक्षीदाराचा, हे कागद सांगत नाही. याचे इंग्रजी करणाऱ्याला ‘ही’ किंवा ‘आय’ यांपैकी एक निवडावेच लागते. चुकीचे निवडले तर जबाबदारी एका माणसावरून उचलून दुसऱ्यावर ठेवली जाते, आणि ती व्याकरणाने ठेवली, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘आपण सांगितल्याशिवाय कोणी हात लावू नये’ असे लिहिले असते तर निदान दुसरी आपत्ती टळली असती.

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६० नुसार तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. ऐकले असेल तर ज्याने स्वतः ऐकले त्याचा. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, तत्त्व तेच राहिले. कारखान्यातील चौकशीला हे बंधन त्याच काटेकोरपणे लागू नाही. १९७७ च्या हरियाणा राज्य विरुद्ध रतन सिंग या खटल्यात प्रश्न एका बसवाहकाचा होता. प्रवाशांनी तपासणी पथकाला काय सांगितले हे पथकाकडून आले होते, प्रवाशांची साक्ष झालेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, चौकशीत ऐकीव पुरावा सर्वथा वर्ज्य नाही, मात्र त्याचा वस्तुस्थितीशी वाजवी संबंध हवा व तो विश्वासार्ह हवा. म्हणजे ऐकीव गोष्टीचे वजन करण्याची जबाबदारी चौकशी अधिकाऱ्यावर येते. ती गोष्ट ऐकीव आहे हेच कागदावरून पुसले गेले असेल, तर वजन कशाचे करणार? जेथे ऐकीव पुरावा चालतो, तेथे ‘म्हणे’ची नोंद अधिकच आवश्यक ठरते.

पोलिसी जबाबात वेगळाच प्रकार दिसतो. ‘समक्ष हजर राहून जबाब देतो की’ या आरंभानंतर सारा मजकूर प्रथमपुरुषी येतो. ‘मी’ जबाब देणाऱ्याचा आणि लेखणी दुसऱ्याची. ‘सदर’, ‘नमूद’, ‘इसम’ हे शब्द त्या मजुराने आयुष्यात उच्चारलेले नसतात, तरी ते त्याच्या ‘मी’च्या तोंडी येतात. रूप प्रत्यक्ष कथनाचे, व्यवहार अप्रत्यक्ष कथनाचा. न्यायालयातील साक्षीबाबत १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २७६ सामान्यतः निवेदनाच्या रूपात नोंद करण्यास सांगत असे, तसेच न्यायाधीशाला योग्य वाटल्यास प्रश्नोत्तरे लिहिण्याची मुभाही देत असे. निवेदनात प्रश्न गळतो. वकिलाच्या लांबलचक प्रश्नाला दिलेले ‘हो’ हे एकाक्षरी उत्तर नोंदीत साक्षीदाराचे स्वयंस्फूर्त पूर्ण वाक्य होऊन बसते.

मराठी गद्याच्या आरंभीच या प्रश्नाची जाण दिसते, हे येथे नमूद केले पाहिजे. चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांना गाठून आठवणी मिळविल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्याच्या पोथ्यांतून एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ, ज्याचा पाठ त्याच्या नावासह, जपलेले आढळतात. ‘म्हणे’मागचा कर्ता येथे नावानिशी परत आणून बसविला आहे. केसोबासांनी पुढे त्यातून केवळ चक्रधरांची वचने वेचून ‘सूत्रपाठ’ तयार केला. वचन प्रत्यक्ष राहिले, प्रसंग सुटला. आणि कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून उच्चारले गेले हे सांगण्यासाठी ‘प्रकरणवश’ हा स्वतंत्र ग्रंथप्रकार महानुभावांना निर्माण करावा लागला. शब्द अचूक राखले तरी ‘कोण कोणाला’ हे सुटले की अर्थ सुटतो, हे त्या पंथाने सातशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. त्यामुळे अप्रत्यक्ष कथनाचा घटक येईपर्यंत विद्यार्थ्याची त्या भाषेशी बऱ्याच वर्षांची ओळख झालेली असते. त्या पाठाआधी मराठीच्या शिक्षकाने दोन तास घ्यावेत, एवढी मागणी माफक आहे. ‘येईन म्हणाला’, ‘मी येईन असे म्हणाला’, ‘म्हणाला की मी येईन’, ‘आपण येणार असल्याचे म्हणाला’, ‘येणार आहे म्हणे’ ही पाच वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकात येणारा कोण, सांगणारा कोण, त्याने स्वतः ऐकले की कानावर आले, हे मुलांना विचारावे. ती उत्तरे मुलांना येतात. विचारणारा हवा असतो. पदव्युत्तर वर्गात हाच उद्योग एखाद्या कथेच्या दोन पानांवर आणि एखाद्या जबाबाच्या एका पानावर शेजारी-शेजारी करता येईल. सातपूरच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दुसरे पान मिळविण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. अशी पाने तेथील कित्येक घरांतल्या ट्रंकेत जपून ठेवलेली असतात.